गडावरची पोती खाली आली, पुढे काय?

शनिवार-रविवारी गुंजवण्यातून चोर दरवाजाकडे आणि पालीतून पाली दरवाजाकडे माणसांची रांग लागते. रायगडाच्या आधी शिवाजी महाराजांची राजधानी होती ती याच राजगडावर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. या बारांत राजगड आहे, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. पण गडावर येणाऱ्यांबरोबर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्याही वर चढतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या काही गडाची वाट विसरलेल्या नाहीत.

हा कचरा उचलायला दुर्गप्रेमी संस्था, कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, कधी आसपासच्या गावांतली तरुण मंडळं रिकामी पोती घेऊन गड चढतात. काम दिसतं तेवढं सोपं नाही. वाटेवरचं कोणीही उचलतो. माचीच्या तटावरून खाली भिरकावलेली बाटली काढायची तर कड्याच्या गवतात उतरावं लागतं. फुटकी काच हाताला लागते. प्लॅस्टिक वजनाला हलकं, पण पोतं बघता बघता फुगतं, आणि ते पाठीवर घेऊन अरुंद वाटेने उतरणं म्हणजे कसरतच. सुट्टीचा दिवस मोडून हे करणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

प्रश्न आहे तो त्यानंतरचा. पोती पायथ्याला आली, फोटो निघाले, मंडळी गाडीत बसून गेली. पोती कुठे गेली? कोणत्याही गडाच्या पायथ्याला हे विचारून बघावं. ठरलेली सोय नसेल तर ती रस्त्याकडेला पडून राहतात, कुत्री आणि गुरं फाडतात, नाहीतर कोणी तरी काडी लावून मोकळा होतो. म्हणजे गडावरचा कचरा गावात आला, एवढंच झालं.

शेतीखात्याच्या माणसाने किल्ल्याच्या कचऱ्यात कशाला लक्ष घालावं, असं कोणी म्हणेल. शेतकरी बंधूंनो, हा विषय तुमच्या गोठ्याचा आहे. शिळं अन्न भरलेल्या पिशवीला मिठाचा आणि तेलाचा वास असतो. अंगात क्षार कमी असलेलं जनावर ती पिशवीसकट गिळतं. प्लॅस्टिक पचत नाही, पुढेही सरकत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यात त्याचा गोळा होतो. मग रवंथ मंदावतं, पोट फुगतं, दूध आटतं. शेवटी पशुवैद्यकाला पोट उघडून गोळा काढावा लागतो. दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण दिलं तर नको ते चघळण्याची सवय कमी होते, पण समोर पिशवी पडलेली नसणं हाच खरा उपाय.

दुसरी गोष्ट भात खाचरांची. गडाच्या उतारावर पडलेली काच पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागते आणि लावणीच्या वेळी चिखलात अनवाणी उभ्या बाईच्या पायात शिरते. पिशव्या नाला बांधात अडकतात. राजगडाच्या उत्तरेचं पाणी गुंजवणीला जातं, दक्षिणेचं वेळवंडीला म्हणजे भाटघर धरणात, आणि दोन्ही अखेर नीरेला मिळतात. नीरा कालव्यावर बागायत करणाऱ्या बारामती-फलटणच्या शेतकऱ्यानेही राजगड आपल्यापासून लांब आहे असं समजू नये.

जुन्या लोकांना याचं भान होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात गडाच्या व्यवस्थेबद्दल लिहिताना कचऱ्याचाही विचार केलेला आहे. केर गडावर साचू द्यायचा नाही, गडाखालीही लोटायचा नाही. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि भाजीपाला करावा, अशी ती व्यवस्था. आम्ही आज खतांवर व्याख्यानं देतो, ते तेव्हा गडावर चालू होतं! फरक एवढाच, की तो केर पालापाचोळ्याचा होता. प्लॅस्टिक जाळलं तर विषारी धूर होतो आणि राख परसात घालण्याच्या लायकीची राहत नाही. शिवाय दिवाळीनंतर वाळलेल्या गवतात एक ठिणगी उडाली की वणवा पेटतो आणि डोंगराचा चारा जातो.

तेव्हा ग्रामपंचायतीने हात झटकून चालणार नाही. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत ग्रामपंचायतीवरही जबाबदारी टाकलेली आहे. पैशाची अडचण खरी, पण पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या निधीत ६० टक्के बंधित होते, त्यातले निम्मे स्वच्छतेसाठी. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक केंद्र धरलं होतं, त्याला १६ लाखांपर्यंत तरतूद. आपल्या तालुक्यात ते केंद्र उभं आहे का, चालू आहे का, हे सरपंचांनी पंचायत समितीत जाऊन विचारावं. बाटल्या भंगारवाला घेतो. चकचकीत पाकिटं तो घेत नाही; ती वेगळी बांधून सिमेंट कारखान्याच्या भट्टीपर्यंत जाण्याची साखळी असेल तरच मार्गी लागतात.

स्वयंसेवकांनाही एक सांगणं आहे. उत्साहात टाक्यांतला गाळ उपसू नका. गाळ शेताला घाला हे आम्हीच सांगत असतो, पण राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. गडावरच्या गाळात जुनी खापरं, नाणी असू शकतात. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे फावडं लावायचं नाही. वरवर तरंगणारा कचरा काढला तरी पुष्कळ झालं.

मोहिमेची तारीख ठरली की आठ दिवस आधी पायथ्याच्या ग्रामपंचायतीला कळवावं. पोती ठेवायला पत्र्याची बंद शेड, उचलायला ट्रॅक्टर आणि त्याचं डिझेल कोण देणार, हे तेव्हाच ठरवून घ्यावं. खाली आलेल्या पोत्यांचं वजन करून तारखेसह नोंदवहीत लिहावं. म्हणजे पुढच्या वर्षीचा आराखडा करताना ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, आपल्या बोलण्यात अजून ग्रामसेवकाच्याच, हातात दाखवायला कागद राहतो.