शाहजहानचा शोक आणि केसांचा रंग

१७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात चौदाव्या अपत्याच्या जन्मानंतर मुमताज महलचे निधन झाले, तापीपलीकडील जैनाबादेत तिचे तात्पुरते दफन करण्यात आले आणि त्या दुःखाने शाहजहानचे केस एका रात्रीत पांढरे झाले, असे सांगितले जाते. यातील मृत्यू आणि दफन इतिहाससिद्ध आहेत. केसांची कथा मात्र जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही ‘पादशाहनामा’त एका रात्रीची नव्हे, तर थोड्या दिवसांची गोष्ट सांगितली आहे.

त्वचेबाहेर आलेला केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो आणि त्याचा रंग, म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य, तो मुळाशी घडत असतानाच त्यात भरला जातो. त्यामुळे एकदा वाढलेल्या केसातून तो रंग कोणतेही दुःख काढून घेऊ शकत नाही. नवा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. याचा अर्थ शोकाचा केसांशी संबंधच नाही असा मात्र नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील संशोधनात तीव्र ताणाच्या वेळी चेतातंतूंतून स्रवणारे नॉरॲड्रेनॅलिन रंगद्रव्य-पेशींचा मूळ साठाच संपवते, असे आढळले. शिवाय चाई या विकाराच्या एका प्रकारात काळे केस झपाट्याने गळतात आणि आधीचे पांढरे तेवढे उरतात, म्हणून माणूस अचानक पिकल्यासारखा दिसतो. शाहजहानच्या बाबतीत नेमके काय घडले, हे ठरवण्याइतका पुरावा उरलेला नाही.

भावना ही केवळ मनाची बाब आहे, ही समजूतही तितकीच अपुरी आहे. मानसशास्त्रात भावना म्हणजे आतील अनुभूती, हृदयगती व श्वास यांतील शारीरिक बदल आणि बाह्य वर्तन यांचा एकत्रित प्रतिसाद होय. तीव्र आघाताने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता दुर्बळ होऊन फुगतो, या ‘ताकोत्सुबो’ विकाराचे वर्णन जपानी वैद्यांनी १९९० साली केले.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज स्मृतीविषयी आहे: दुःखाचा क्षण मनावर कोरला जातो, म्हणून तो अचूक आठवतो. भावनेच्या भरात स्रवणारी संप्रेरके मेंदूतील अमिग्डाला या भागाद्वारे स्मृतीचे दृढीकरण, म्हणजे ताजी आठवण टिकाऊ होण्याची प्रक्रिया, बळकट करतात, हे खरे आहे. पण आठवणे ही प्रत्येक वेळी नव्याने केलेली जुळणी असते, आणि तपशील त्या जुळणीत बदलतात. लाहोरीचा ग्रंथही घटनेनंतर काही वर्षांनी लिहिला गेला, हे येथे महत्त्वाचे ठरते. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर यान कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे व कशी कळली हे लिहून घेतले, आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची उत्तरे पार बदललेली होती, तरी आत्मविश्वास मात्र कायम होता. पुढे स्वतःच्याच हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवल्यावरही त्यांना मूळ आठवण परत मिळाली नाही.