आडोसा कोणाच्या दृष्टीसाठी?

भंगाराच्या आवारास घालावयाच्या आडोशाची उंची केवळ ढिगांवरून ठरत नाही; ती पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेवरून ठरते. अमेरिकेतील १९६५ च्या महामार्ग-सुशोभन कायद्याने प्रमुख महामार्गांच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आतील अशी आवारे रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून झाडे, कुंपण अथवा अन्य साधनांनी झाकावीत किंवा हलवावीत, असे ठरविले. औद्योगिक क्षेत्रे मात्र वगळली. येथे प्रमाण मानली गेली ती प्रवाशाची दृष्टी. परंतु प्रवासी क्षणात पुढे जातो. शेजारच्या घरातील माणसांसमोर तेच दृश्य नित्य असते.

समजा, सपाट जमिनीवर घरापासून २० मीटरवर ३ मीटर उंचीचा ढीग आहे आणि मध्यावर कुंपण घालावयाचे आहे. तळमजल्यावरील डोळा १.५ मीटर उंचीवर धरल्यास २.२५ मीटरचे कुंपण पुरते. पहिल्या मजल्यावरील डोळा ४.५ मीटरवर असेल, तर त्याच कुंपणावरून ढीग पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. तो झाकण्यास ३.७५ मीटर उंची लागते.

यास्तव खाली भरीव कुंपण व वर सदाहरित वृक्षांची दाट रांग अशी दुहेरी योजना इष्ट ठरते. वृक्ष वाढेपर्यंत ढिगांच्या उंचीवरच मर्यादा घालावी. झाडांच्या एका रांगेने आवाज फारसा अडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सारांश, आराखडा तपासताना दृष्टिरेषा रस्त्यावरून नव्हे, तर शेजाऱ्याच्या खिडकीतून काढावी.