कुंडीतल्या लाल कोळ्याचा बंदोबस्त

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडच्या किल्ल्याखालच्या पट्ट्यात शिमगा सरला की साग निष्पर्ण होतो, बोड्या आटतात आणि दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. नेमक्या याच दिवसांत ओसरीवरचा क्रोटन, बैठकीतला एरिका पाम, पडवीतला गुलाब फिक्कट पडू लागतात. घरची माणसं आधी पाणी वाढवतात, मग खत घालतात, तरी पानगळ थांबत नाही. अशा वेळी पान उलटून त्याची पाठ बघावी. बऱ्याचदा दुखणं तिथंच दडलेलं असतं आणि त्याचं नाव असतं लाल कोळी.

पानावर सुईनं टोचल्यासारखे बारीक पिवळट ठिपके दिसणं ही पहिली खूण. ठिपके एकमेकांत मिसळले की पान धुरकट होतं, मग तपकिरी पडून गळतं. खात्री करायची तर पानाखाली पांढरा कागद धरावा आणि फांदीला दोन टिचक्या माराव्यात. खाली पडलेल्या बारीक कणांतले काही चालू लागले, तर तो कोळीच. त्यावरून बोट फिरवलं की कागदावर लालसर-हिरवी रेघ उमटते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पानाची पाठ पाहिली तर सगळा संसार दिसतो: जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे जीव, त्यांचे आठ पाय, पाठीवर दोन बाजूंना काळपट डाग, शिरेलगत गोल पारदर्शक अंडी आणि टाकून दिलेल्या पांढऱ्या काती. रंग दर वेळी लाल असतोच असं नाही. पुष्कळदा तो पिवळट हिरवाही असतो. पानांच्या बेचक्यांत जाळी दिसू लागली म्हणजे पाहायला उशीर झाला असं समजावं.

हा प्राणी कीटक नाही. विंचू, गोचीड यांच्या गोतातला हा जीव. पाठीवर डाग असलेल्या या दोन ठिपक्यांच्या कोळ्याची शास्त्रीय नोंद १८३६ साली झाली आणि आजवर हजाराहून अधिक वनस्पतींवर तो सापडला आहे. वावरातल्या वांग्या-भेंडीवर जगणारा कोळी वाऱ्यावर, कपड्यांवरून किंवा नर्सरीतून आणलेल्या रोपासोबत घरात येतो. सुईसारखं तोंड पेशीत खुपसून तो आतला रस आणि हरितद्रव्य शोषतो; तेच वर ठिपक्यांच्या रूपानं दिसतं. तापमान ३० अंशांच्या आसपास असलं की अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो. २० अंशांना त्यालाच दोन आठवड्यांहून अधिक वेळ लागतो. एक मादी आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते आणि तिला नराचीही वाट बघावी लागत नाही. फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात, पुढे त्यांच्याशीच तिचं मीलन होऊ शकतं. एका पानावर आलेल्या एकट्या मादीपासून अख्खी कुंडी भरू शकते ती अशी.

आता भंडारा जिल्ह्याचा उन्हाळा बघा. कोरडी हवा आणि तहानलेलं झाड कोळ्याला मानवतं. कच्च्या रस्त्याकडेच्या घरांत पानांवर धूळ बसते, आणि धुळकट पानांवर कोळ्याला खाणाऱ्या मित्रजीवांना वावरणं अवघड जातं. शेतकरी घरात धानासाठी आणलेल्या युरियातली चिमूट कुंडीत पडते. जादा नत्रामुळे पानं लुसलुशीत होतात आणि कोळ्याची वीण वाढते. एसीच्या खोलीतली हवा आणखी कोरडी. त्यापेक्षा कूलरची खोली झाडाला बरी, फक्त कुंडी थेट झोतात ठेवू नये.

किडीसाठी घरात असलेलं कोणतंही औषध फवारलं जातं, तिथं नुकसान वाढतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या फळबागांत डीडीटी आली आणि तिच्या मागोमाग कोळ्याच्या साथी आल्या. त्याला खाणारे जीव मेले, तो मात्र तगला. सायपरमेथ्रिनसारख्या आजच्या औषधांनंतरही हाच अनुभव येतो. या कोळ्यानं ९० हून अधिक कीडनाशक घटकांना दाद न देण्याची ताकद कमावली आहे. २०११ साली त्याचा जनुकसंच उलगडला, तेव्हा विषारी द्रव्यं पचवणाऱ्या जनुकांचा मोठा साठा त्यात आढळला. शिवाय माणसं झोपतात, जेवतात त्या खोलीत शेतातलं औषध फवारणं कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पहिला उपाय पाण्याचा, आणि तोच सगळ्यांत मोठा. बाधित झाड इतरांपासून वेगळं करावं. फार खराब झालेली पानं कापून पिशवीत बांधून टाकावीत. उकिरड्यावर उघडी टाकू नयेत. कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधावं म्हणजे माती सांडत नाही. मग मोरीत कुंडी आडवी धरून पानांच्या पाठीवर पाण्याची जोरकस धार सोडावी. एरिकाच्या पात्यांच्या घड्या आणि देठांची बेचकी बोटांनी चोळून घ्यावीत. क्रोटन, रबर प्लांट यांची रुंद पानं ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसावीत आणि फडकं दर झाडाला धुवावं. हे सकाळीच उरकावं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हात भाजण्याइतकं तापतं, त्यानं पानं करपतात.

धुऊनही काही जीव उरतातच. त्यांच्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रवरूप साबण फेटून घ्यावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. गावात निंबोळ्या मिळतात, त्यांचा ५ टक्के अर्कही चालतो: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. आधी एका पानावर लावून दोन दिवस बघावं, मगच उन्हं कलल्यावर पानांच्या पाठी निथळेपर्यंत फवारावं. तेल आणि साबण जिथं लागतात तिथंच काम करतात, आणि अंडी बहुधा त्यांतूनही वाचतात.

पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावर चालतं, पण ते घराबाहेर आणि थंडीच्या दिवसांतच वापरावं. पारा ३२ अंशांवर गेला की गंधक पान जाळतं, आणि आपल्याकडे होळीच्या आधीच तो वर जातो. कडुनिंबाचं तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. तुळशीला मात्र पाण्याशिवाय दुसरं काही लावू नये. तिची पानं आपल्या तोंडात जातात.

भिंगातून बघताना एखादा गुळगुळीत, फिक्या नारिंगी रंगाचा जीव पानावरून भरभर पळताना दिसला तर त्याला मारू नका. तो शिकारी कोळी, लाल कोळ्याचा वैरी. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर असाच एक शिकारी कोळी आढळला. १९६७ साली नेदरलँड्समधले काकडी-उत्पादक यान कॉपर्ट यांनी तो आपल्या काचघरात सोडला आणि त्यातून मित्रजीव पुरवणारा मोठा उद्योग उभा राहिला. आपल्या देशातही देशी शिकारी कोळी आहेत आणि कोळ्यावर ताव मारणारा टाचणीच्या डोक्याएवढा काळा भुंगेराही आहे. विषारी फवारा टाळला की त्यांना निदान अंगणात जागा मिळते.

दिवाळीच्या साफसफाईत कुंड्या धुऊन निघतातच. त्याच दिवशी भिंग आणि पांढरा कागद हाताशी ठेवावा. नवं रोप दोन आठवडे वेगळं ठेवूनच इतरांत मिसळावं. थंडीत पंधरवड्यातून एकदा आणि होळीपासून मृगापर्यंत दर आठवड्याला पानांच्या पाठी बघाव्यात. कोळी सापडला तर उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी, थंडीत दर आठवड्यानं, ओळीनं चार वेळा धुणं आणि फवारणी करावी. मधली एक पाळी चुकली की वाचलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून औषध बदलण्याआधी वार ठरवा. उन्हाळ्यात बुधवार आणि रविवार असे दोन वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि घरातल्या एकाकडे ते काम सोपवा. चार पाळ्यांनंतरही जाळी तशीच राहिली, तर ते एक झाड काढून टाकून बाकीची वाचवावीत.