दगडी वेस, आत चार भट्ट्या

१६१५च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरात पोचला. कोतवाल सोळा निशाणं पुढे घालून त्याला सामोरा गेला, सराईच्या वेशीपर्यंत आणून सोडलं आणि तिथूनच निरोप घेतला. वेस देखणी, दगडी. आत गेल्यावर साहेबाच्या वाट्याला आल्या भिंतीत काढलेल्या विटांच्या चार खोल्या. वरून गोल, आणि आकाराने भट्टीएवढ्या. भट्टी हा शब्द माझा नाही, त्याच्याच रोजनिशीतला आहे. साहेब भडकला. सोबतच्या तंबूंचा आसरा घेतला आणि कोतवालाला निरोप धाडला की असला पाहुणचार होणार असेल तर मी गाव सोडतो. कोतवालाने उलट कळवलं, सकाळपर्यंत दम धरा, गावात याहून बरी जागा नाही. पुढे रोने गाव हिंडून पाहिलं आणि कोतवाल खरं बोलत होता हे लिहून ठेवलं. शहजादा परवेझचा वाडा, मोगल सरदार खानखानानचा वाडा आणि आणखी थोडी घरं सोडली, तर बाकी सगळी मातीची खोपटी होती.

परदेशात स्वस्त हॉस्टेल कसं निवडावं, असं कुणी विचारलं की मी आधी ही गोष्ट ऐकवतो. विचारणारे बरेच असतात. पाठीवर पिशवी टाकून हिंडायला निघालेली पोरं आता आमच्या खानदेशातही घरोघरी आहेत, आणि मला स्वस्त मुक्कामांचं जुनं वेड आहे, हे नातेवाइकांना ठाऊक आहे. धर्मशाळा, मठ, सराया, रेल्वेच्या विश्रांतिगृहातल्या खाटा, परदेशातल्या डॉर्म, सगळं मला सारखंच प्रिय. मागे भाची युरोपला निघाली, तेव्हा तिलाही म्हटलं, आधी बऱ्हाणपूर बघून ये. "मामा, मला प्रागला जायचंय," ती म्हणाली. म्हटलं, प्राग कुठे पळून जात नाही. भुसावळहून खंडव्याकडच्या गाडीत बसलं की रावेरच्या केळीच्या बागा मागे पडतात आणि तासाभरात बऱ्हाणपूर येतं.

रोची दगडी वेस म्हणजे आजच्या हॉस्टेलचे पहिले दहा फोटो. गच्चीवरचे दिवे, भिंतीवरचं रंगीत चित्र, हसरी पोरं, कॉफीचं यंत्र. झोपायच्या खोलीचा फोटो एखादाच, तोही असा काढलेला की सहा खाटांची कोठी दिवाणखान्यासारखी दिसावी. मी ते फोटो बघतच नाही. आधीच्या प्रवाशांनी टाकलेले फोटो उघडतो आणि त्यात खाटेचा कोपरा शोधतो. उशाशी वाचायचा दिवा आहे का, प्लग प्रत्येक खाटेला आहे की आठ जणांत मिळून दोन, पडदा आहे का, वरच्या खाटेला कठडा आहे का, शिडीच्या पायऱ्या सपाट आहेत की पायाला रुतणाऱ्या नळ्या. हे सगळं नीट असेल, तर ते हॉस्टेल स्वतः कधीतरी प्रवास केलेल्या माणसाने मांडलेलं असतं.

आणि कोतवालाचं उत्तरही विसरू नये. जागेची तुलना त्याच गावातल्या, त्याच भावाच्या जागांशी करावी. हनोईत ज्या पैशांत पडदा लावलेली खाट आणि न्याहारी मिळते, तेवढ्यात झुरिकमध्ये कुणी दारात उभं करणार नाही. त्यामुळे दोन शहरांतल्या हॉस्टेलांचे गुण समोरासमोर ठेवून बघण्यात अर्थ नसतो.

आता जैनाबाद. माझा खरा जीव इथे अडकला आहे, तेव्हा वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं. बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर काठावर, जैनाबाद समोर दक्षिणेला. म्हणजे औरंगाबाद, अजिंठा, फर्दापूर करत दख्खनहून वर येणाऱ्याला आधी जैनाबाद लागायचं, मग नदी. फारुकी सुलतान नासीरखानाने ही दोन्ही गावं वसवली, त्याला सहाशे वर्षं उलटली. इतिहासकार फरिश्ता सांगतो की शेख जैनुद्दीन दौलताबादेहून सुलतानाला भेटायला आले आणि अलीकडच्याच काठावर उतरले. सुलतानाने जहागीर देऊ केली, ती त्यांनी नाकारली. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाले, पलीकडच्या काठावर माझ्या गुरूंच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीबांच्या नावाने शहर वसव. सुलतानाने तेही केलं आणि शेख जिथे उतरले होते तिथे त्यांच्या नावाचं गाव वसवलं. तारखा काही जुळत नाहीत. जैनुद्दीन १३६९ मध्ये वारले आणि नासीरखान गादीवर आला त्यानंतर तीस वर्षांनी. पण पाहुण्याच्या मुक्कामाच्या जागेवर गाव उभं राहिलं, ही कल्पनाच मला इतकी आवडते की मी तारखांशी भांडत नाही. गुरू-शिष्य दोघेही आपल्या खुलताबादेत विसावले आहेत.

जैनाबादेतली बघायची जागा म्हणजे आहूखाना, मोगलांची हरणं राखायची बाग. आज पडक्या भिंती आणि एक उदास इमारत उरली आहे. दख्खनचा सुभेदार असताना तरुण औरंगजेबाला इथेच हिराबाई दिसली. तिने उडी मारून आंब्याची फांदी धरली आणि हा शिस्तीचा माणूस भान हरपून बसला, असं 'मआसिर-उल-उमरा' या मोगल सरदारांच्या चरित्रग्रंथात नोंदवलं आहे. इतिहास तिला हिराबाई जैनाबादी म्हणूनच ओळखतो. त्याआधी, जून १६३१ मध्ये, मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपुरात वारली आणि तिचा देह नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवला गेला. डिसेंबरात तो आग्र्याला नेला. इथवर सगळे सांगतात. मी तिच्या लेकीपाशी थांबतो.

जहाँआरा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि बऱ्हाणपुरातच होती. पुढे १६५०च्या सुमाराला तिने दिल्लीच्या चांदणी चौकात एक सराई बांधली. मोठा चौक, भोवती दोन मजली कमानी, खोल्यांपुढे सज्जा, रात्री बंद होणारा दरवाजा. फ्रेंच वैद्य बर्निये एरवी इकडच्या सरायांना माणसं, घोडे आणि उंट एकत्र कोंबलेली कोठारं म्हणतो. पण ही सराई पाहून त्याने लिहिलं की पॅरिसमध्ये अशा वीसेक असत्या, तर नव्या माणसाला आल्या आल्या सुरक्षित आणि वाजवी जागा शोधताना एवढी धांदल झाली नसती. आता पॅरिसला उतरून फोनवर खाट शोधणाऱ्या आमच्या पोरांनी हे वाचावं! खरं सांगायचं तर तिथे उतरत ते इराणी आणि उझबेक बडे व्यापारी, तेव्हा आपल्यासारख्यांना कितपत जागा मिळाली असती कोण जाणे. १८५७ नंतर इंग्रजांनी ती पाडली आणि त्या जागी टाउन हॉल बांधला. आईची पहिली कबर जैनाबादेत आणि लेकीची सराई दिल्लीत, यांचा एकमेकींशी संबंध असल्याचा कागद नाही. माझ्या डोक्यात मात्र तो घट्ट बसला आहे.

सराईचा कारभार कसा चाले, हे सगळ्यात छान सांगितलं आहे मनुचीने. हा व्हेनिसचा पोरगा १६५६ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. तो लिहितो की सराईचा दरवाजा संध्याकाळी बंद होई. सकाळी उघडण्याआधी रखवालदार तीनदा ओरडून सांगे, आपापलं सामान बघून घ्या. कुणाचं काही गेलं असेल, तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. चोर आतच असणार, हा हिशेब. सापडल्यावर त्याचं काय करत, ते सणासुदीच्या अंकात नको.

आजच्या हॉस्टेलात असा दरवाजा अडवणारा कुणी नाही, म्हणून कुलूप आपलं आपण न्यायचं. आपल्याकडे लोखंडी पेटीला लावतात तसलं जाडजूड कुलूप मात्र नको, लॉकरच्या कडीत त्याचा दांडा जातच नाही. बारीक दांड्याचं, आकड्यांचं घ्यावं. लॉकर 'आहे' एवढ्यावर समाधान मानू नये, केवढा आहे ते विचारावं. काही ठिकाणी त्यात जेमतेम पासपोर्ट आणि चपला मावतात, तर काही ठिकाणी खाटेखालच्या जाळीच्या खणात अख्खी सॅक. एका नावाजलेल्या शहरातल्या हॉस्टेलात माझं जाकीट सामाईक खोलीतून गेलं. काउंटरवरच्या मुलाने खांदे उडवले आणि सामाईक खोलीत ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही, अशी पाटी दाखवली. मला मनुचीचा रखवालदार आठवला.

ढेकणांचंही बघावं लागतं. खोलीत गेल्या गेल्या सॅक खाटेवर टाकायची नाही, ती न्हाणीघरातल्या फरशीवर ठेवायची. चादरीचा कोपरा उचलून गादीची शिवण आणि खाटेचे सांधे फोनच्या उजेडात पाहायचे. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले, तर वाद न घालता खोली बदलून मागायची. शेजारची नाही, दुसऱ्या मजल्यावरची. अभिप्राय वाचतानाही मी नवे आधी लावतो आणि त्यातले वाईट तेवढे वाचतो. 'न्याहारी साधी होती' म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष. 'गरम पाणी सात वाजता संपतं' हे तिघांनी लिहिलं असेल, तर ते संपतंच.

या सगळ्याचा आधुनिक इतिहास थोडक्यात उरकतो. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शाळामास्तर १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला, वादळात सापडला, एका शाळेत गवतावर रात्र काढली आणि त्याच्या डोक्यात युवा वसतिगृहाची कल्पना आली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह निघालं. १९३२ मध्ये आम्स्टरडॅमला आंतरराष्ट्रीय संघटना झाली. आपल्याकडची यूथ हॉस्टेल्स असोसिएशन तिचीच सभासद. झालं. लंडनमधलं इंडिया हाऊस हीसुद्धा हिंदी विद्यार्थ्यांसाठी १९०५ मध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी काढलेली खाणावळ-वसतिगृहाचीच सोय होती. सावरकर १९०६ मध्ये तिथे उतरले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथली खाट कशी होती, हे कुणी सांगत नाही, याची मला रुखरुख आहे.

सराईत रांधायला भठियारणी असत. प्रवासी शिधा आणून देई, त्या चूल पेटवून रांधून देत. हॉस्टेलात ती चूल आपण पेटवायची, म्हणून स्वयंपाकघर नसलेलं हॉस्टेल मी मराठी माणसाला सुचवतच नाही, मग गच्चीवरून आयफेल टॉवर का दिसेना. फोटोत शेगड्या मोजाव्या. साठ खाटांना दोन शेगड्या म्हणजे रात्री आठला ताटकळणं आलं. फ्रिजमधल्या आपल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहावी, नाहीतर ती साफसफाईत जाते. निघणाऱ्या प्रवाशांनी मागे ठेवलेल्या तेल, मीठ, पास्त्याचं एक फुकट फडताळ बहुतेक ठिकाणी असतं. भाचीने प्रागमध्ये त्यातल्याच तांदळाची खिचडी टाकली. फोडणीचं सामान तिने घरून नेलं होतं. मोहरी तडतडली आणि धुराचा भोंगा वाजला. सगळा मजला खाली उतरला. मग त्यातल्याच दोघा कोरियन मुलांनी तिच्याबरोबर खिचडी खाल्ली. हिंग न्यावं, पण डब्यात डबा घालून न्यावं, एवढीच माझी सूचना.

पैशांचं सांगायचं तर दिसतो तो भाव शेवटचा नसतो. टॉवेल, कुलूप, कुठे कुठे चादरसुद्धा वेगळी मोजावी लागते. वर शहराचा पर्यटक कर असतो. आम्स्टरडॅममध्ये तो २०२४ पासून राहण्याच्या भाड्यावर साडेबारा टक्के आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या सोयीचा कागद लागतो, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत मिळणारंच आरक्षण करावं, दोन-चार युरो जास्त पडले तरी चालतील. काही हॉस्टेलं पस्तिशीपुढच्यांना डॉर्ममध्ये घेत नाहीत. ही अट पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते, आणि माझ्या वयाच्या वाचकांनी ती आधी वाचावी. विमान मध्यरात्री उतरणार असेल, तर काउंटर रात्रभर उघडं आहे का आणि शेवटची मेट्रो कितीची आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी तपासाव्या. मुलींनी फक्त मुलींची डॉर्म घ्यावी का? भाची म्हणते, पहिल्या रात्री घ्यावी, मग जागा बघून ठरवावं. मला पटलं.

पण जागा खरी कळते ती चालवणाऱ्यावरून. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या आणि खराटा स्वतःच्या हातात ठेवला. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांची माणसं राहतात. मी कुठल्याही नव्या हॉस्टेलात आधी एक साधा प्रश्न लिहून पाठवतो, सकाळी सहाला पोचलो तर सामान ठेवता येईल का? उत्तर किती लवकर येतं आणि ते माणसाने लिहिलेलं आहे की आधीच छापून ठेवलेलं, यावर माझा अर्धा निर्णय होतो.

रो बिचारा बऱ्हाणपुरात तापाने फणफणला. शहजादा परवेझने त्याला दरबारात पायऱ्या चढू दिल्या नाहीत, मग आत खासगीत भेटतो म्हणाला. तेवढ्यात रोने नजर केलेली बाटल्यांची पेटी उघडली गेली आणि शहजाद्याची शुद्ध हरपली. भेट राहिली ती राहिलीच.

तुम्ही बऱ्हाणपूरला गेलात, तर मध्य प्रदेश पर्यटन मंडळाचं ताप्ती रिट्रीट आहे, स्टेशनजवळ लॉज आहेत, आणि गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये जिथे राहिले त्या बडी संगत गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. मराठीत बोललात तरी चालतं. अकबरी सराई, खानखानानचं हमाम आणि १५८९ची जामा मशीद, जिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, ही गावातच एकमेकांजवळ आहेत. रो याच सराईत उतरला होता असं गावात सांगतात. त्यात एक गोची अशी की ती बांधली गेली जहांगीरच्या काळात, बहुधा रो येऊन गेल्यावर. जैनाबादला पूल ओलांडून सकाळी लवकर जावं. आहूखान्यात पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, फारशी सावलीही नाही. बाटली भरून न्यावी आणि मावा जिलेबी परतल्यावर खावी.