रुईवरचं नारिंगी फुलपाखरू

लोहाऱ्याहून सास्तूरकडे जाताना रस्त्याकडेला, बांधावर, पडक्या भिंतीच्या आडोशाला रुई दिसतेच. शनिवारी मारुतीच्या हारापुरती तिची आठवण होते. प्लेन टायगर या फुलपाखराचं मात्र सगळं बालपण तिच्यावरच जातं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पोरांना सांगतो, फुलपाखरू ओळखायचं तर आधी झाड ओळखा. रुईचं पान उलटून पाहा, एखादं पांढुरकं अंडं सापडेल. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. "सर, शिंगं हायती की हिला, चावंल का?" एका मुलीनं विचारलं होतं. नाही चावत. खाण्याआधी ती पानाची शीर कुरतडते, चीक तिथंच गळून जातो आणि मग पुढचं पान निवांत खाते. हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावं. एवढ्याशा जिवाला हे कोण शिकवतं?

चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उरतं. नारिंगी पंख, काळ्या टोकांवर पांढरा पट्टा, ही पक्ष्यांना उघड ताकीद. म्हणूनच ते संथ उडतं. चिमटीत धरलं तर मेल्याचं सोंग घेतं. इजिप्तमध्ये नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रातही ते ओळखू येतं. त्याला शास्त्रीय नाव शास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये दिलं.

मागच्या पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके असले तर मादी, चौथाही असला तर नर. तो चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी. वाळलेल्या खुळखुळ्याच्या झुडपावर नर सोंड लावून रस शोषत बसतात. त्या रसातूनच मादीला भुलवणारा गंध तयार होतो.

बांधावर सरसकट तणनाशक मारू नका, असं मी गावात सांगत असतो. कारण तिथल्या तणावर आणखी एक फुलपाखरू वाढतं, छोटा चांदवा. त्याचा नर काळा, पांढऱ्या गोल ठिपक्यांना निळी-जांभळी कड. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगर! अंगात विष नसताना त्याच्याच रंगावर ती जगते. तिच्या मागच्या पंखावर मधले ठिपके नसतात, वरच्या कडेला एकच असतो. दचकली की संथपणा सोडून झपकन उडते. एवढं टिपायला वेळ मिळाला नाही तर अंडी कुठं घालते ते बघा. घोळाच्या भाजीवर घालत असेल तर ती चांदव्याची मादी. टायगर घोळाकडे वळत नाही.