भूसंपर्क व तटस्थ तारा, घरगुती विद्युत् वितरण पेटीतील

घरगुती विद्युत् मंडलात रोहित्राकडून प्रवाह आणणाऱ्या तारेस सजीव तार, तो परत नेणाऱ्या तारेस तटस्थ तार आणि उपकरणांची धातूची आवरणे जमिनीशी जोडणाऱ्या तारेस भूसंपर्क तार असे म्हणतात. व्यवहारात त्यांना अनुक्रमे फेज, न्यूट्रल व अर्थ ही नावे रूढ आहेत. (प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सतत पालटत असते, ‘आणणारी’ व ‘नेणारी’ असे केवळ सोयीसाठी म्हणतात.) नेहमीच्या स्थितीत तटस्थ व भूसंपर्क या दोन्ही तारांचे वर्चस जमिनीच्या वर्चसाइतके किंवा त्याच्या अगदी जवळचे असते. टेस्टरचा दिवा दोहोंवरही लागत नाही. त्यामुळे या तारा एकच असून एकीच्या जागी दुसरी चालेल, असा समज होतो. तो अत्यंत धोक्याचा आहे.

भारतात वितरण रोहित्राच्या नीच दाबाच्या बाजूस तीन गुंडाळ्यांची एकेक टोके एकत्र जोडलेली असतात. या जोडास तटस्थ बिंदू म्हणतात. कोणत्याही दोन सजीव तारांमध्ये ४०० व्होल्ट, तर सजीव व तटस्थ तारांमध्ये २३० व्होल्ट दाब मिळतो. तटस्थ बिंदू रोहित्रापाशीच जमिनीशी जोडतात. त्यासाठी किमान दोन स्वतंत्र जोडण्या असाव्यात, अशी तरतूद भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांत होती व त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ती ठेवण्यात आली. या जोडणीमुळे घरात येणाऱ्या तारांचे जमिनीसापेक्ष वर्चस निश्चित राहते. ती नसल्यास रोहित्रातील निरोधन बिघडताच ११,००० व्होल्टचा दाब घराघरांत शिरू शकेल.

घरात मीटरनंतर मुख्य स्विच व त्यानंतर वितरण पेटी येते. मुख्य स्विच सजीव व तटस्थ या दोन्ही तारा एकाच वेळी तोडतो. एकट्या तटस्थ तारेत मात्र वितळतार किंवा स्विच बसविण्यास मनाई आहे. कारण तेथील वितळतार वितळली, तर दिवा विझतो, परंतु त्याची सर्व मांडणी सजीवच राहते आणि विझलेला दिवा पाहून माणूस निर्धास्तपणे तिला हात लावतो. पेटीतील तटस्थ पट्टी निरोधकावर बसविलेली असते. भूसंपर्क पट्टी पेटीच्या धातूशी घट्ट जोडलेली असते. मांडणीत तटस्थ तारेस काळा व भूसंपर्क तारेस हिरवा रंग वापरण्याची पद्धत आहे. जुन्या घरांत रंगांवर विसंबणे बरे नव्हे.

उपकरण ठीक असताना तटस्थ तारेतून सजीव तारेइतकाच प्रवाह वाहतो. भूसंपर्क तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही. सजीव तार आवरणास टेकली, तर मात्र भूसंपर्क तारेतून प्रवाह वाहून वितळतार वितळावी अशी अपेक्षा असते. ती नेहमी पुरी होत नाही. घराच्या भूसंपर्क नळीचा रोध ५ ओहम व रोहित्रापाशी १ ओहम असल्यास सु. ३८ अँपिअर प्रवाह वाहतो आणि १५ अँपिअरची वितळतार काही वेळाने वितळते. उन्हाळ्यात जमीन सुकून नळीचा रोध ४० ओहम झाला, तर प्रवाह जेमतेम ५·६ अँपिअर असतो. वितळतार शाबूत राहते व उपकरणाचे आवरण सु. २२४ व्होल्टवर तसेच राहते. नळीभोवती कोळसा व मीठ घालून वेळोवेळी पाणी ओतण्याची प्रथा याचसाठी आहे. महाराष्ट्रातील काळ्या कातळात तर ही अडचण अधिकच जाणवते. यावर खरा उपाय शेष-प्रवाह खंडकाचा आहे. त्यात सजीव व तटस्थ तारा एकाच चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात; दोन्ही प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ०·३ सेकंदाच्या आत मंडल तुटते.

जेथे दोनच तारा आलेल्या असतात, तेथे तीन पिनांच्या सॉकेटमधील भूसंपर्काचे छिद्र आतल्या आत तटस्थ तारेशी जोडून देण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आढळते. उपकरण चालू होते. वरकरणी काहीच बिघडत नाही. परंतु मीटरपाशी किंवा खांबावर तटस्थ तार सुटली, की सजीव तारेचा दाब चालू दिव्यातून तटस्थ पट्टीवर आणि तेथून शीतकपाटाच्या दारापर्यंत येतो. शीतकपाटात कोणताही दोष नसतो; जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसास ते तरीही प्राणघातक ठरते आणि एकही वितळतार वितळत नाही. खांबावरील दुरुस्तीत सजीव व तटस्थ तारांची अदलाबदल झाल्यास तर घरातील अशी सर्व आवरणे तत्काळ सजीव होतात. शिवाय असा जोड खंडकाच्या पुढे असल्यास परतीच्या प्रवाहाचा काही भाग कड्याबाहेरून जातो व खंडक वारंवार तुटतो. मग दोष शोधण्याऐवजी खंडकच काढून टाकला जातो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धती वरवर याच्या उलट भासते. तेथे १२०/२४० व्होल्टचा पुरवठा घेणाऱ्या घराच्या मुख्य पेटीतच तटस्थ व भूसंपर्क पट्ट्या मुद्दाम जोडतात. परंतु हा जोड तेथे एकदाच करावयाचा असतो. पुढील उपपेट्यांत दोन्ही पट्ट्या विलग ठेवाव्या लागतात. जोडाचा हेतू दोषप्रवाह मातीतून न जाता तटस्थ तारेच्या धातूतून परत जावा हा आहे. नुसत्या २५ ओहम रोधाच्या भूसंपर्क दांड्यातून १२० व्होल्टला ४·८ अँपिअर प्रवाह जाईल आणि त्याने १५ अँपिअरचा खंडकही तुटणार नाही. विजेच्या शेगड्या व कपडे वाळविण्याची यंत्रे यांची आवरणे तटस्थ तारेशी जोडण्याची सवलत तेथे अनेक वर्षे होती. नव्या मांडणीसाठी ती १९९६ च्या राष्ट्रीय विद्युत् संहितेने बंद केली. ब्रिटनमध्ये तटस्थ तार ठिकठिकाणी जमिनीशी जोडण्याची पद्धत पुष्कळ प्रचलित आहे, पण तो जोड पुरवठा करणारी संस्था करते. ग्राहकास तशी मुभा नाही.

भारतीय घरात असा चोरटा जोड आहे की नाही, हे तपासण्यासाठी मुख्य स्विच बंद करून व उपकरणे काढून तटस्थ आणि भूसंपर्क पट्ट्यांमधील रोध मेगरने मोजतात. तो मेगओहममध्ये भरावयास हवा. काही ओहमच भरल्यास प्रत्येक मंडलाची तटस्थ तार पट्टीवरून एकेक सोडवून पुन्हा मोजणी करतात. जी सोडताच रोध वाढतो, त्या मंडलात जोड सापडतो.