आंत्रपुच्छातील अनपेक्षित अर्बुद आणि आपले कर्तव्य

आंत्रपुच्छशोथाची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की प्रकरण संपले असे आपण मानतो. आशागड परिसरात, किंबहुना सर्व डहाणू-तलासरी पट्ट्यात, भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा गुजरातेत रोजगारासाठी निघून जातात. काढलेल्या आंत्रपुच्छाचा बायोप्सी अहवाल मात्र काही दिवसांनी येतो. तो कोणी वाचायचा, हा आमच्या मते कळीचा प्रश्न आहे.

काढलेल्या शंभर आंत्रपुच्छांपैकी सुमारे एकात अर्बुद आढळते आणि बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी त्याची शंकाही आलेली नसते. पुढील उपचार अर्बुदाच्या प्रकारावर ठरतात. कार्सिनॉइड अर्बुद १ सेंटीमीटरहून लहान असून पूर्ण निघाले असेल, तर झालेली शस्त्रक्रिया पुरेशी ठरते. ते २ सेंटीमीटरहून मोठे असल्यास उजव्या बाजूचे मोठे आतडे लसिकाग्रंथींसह काढावे लागते. मधल्या आकारात मुळाशी झालेला प्रसार व पेशीविभाजनाचा वेग पाहून निर्णय होतो. श्लेष्मल अर्बुदाने फुगलेले आंत्रपुच्छ न फुटता अखंड निघणे अत्यावश्यक. फुटल्यास श्लेष्मा उदरात पसरून वर्षानुवर्षे साचत राहतो. ग्रंथिल कर्करोगात मात्र बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेची गरज भासते.

गळू झालेले आंत्रपुच्छ केवळ औषधांनी शमले, तरी चाळिशीपुढील रुग्णाबाबत निर्धास्त राहू नये. फिनलंडमध्ये अशा ६० रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ जणांत अर्बुद सापडले. हे सर्व चाळिशीपुढचे होते. त्यामुळे ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा वाढते, हे सुश्रुताचार्यांनी सांगूनच ठेवले आहे. २०२० च्या अधिसूचनेत शल्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांना शिकवावयाच्या शस्त्रक्रियांत आंत्रपुच्छछेदनाचा उल्लेख आला. तेव्हा ही जबाबदारी परक्याची म्हणून टाळता येणार नाही.

शल्यचिकित्सक वैद्यबंधूंनी काढलेले प्रत्येक आंत्रपुच्छ तपासणीस पाठवावे आणि रुग्णाचा व एका नातलगाचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा. गावातील वैद्यांनी परतलेल्या रुग्णाच्या पिशवीतील कागद स्वतः वाचावेत. औषधालयचालकांनीही पोटावर व्रण असलेला रुग्ण पोटदुखीची गोळी मागू लागला, तर एवढेच विचारावे : “बाबा, तुमचा रिपोर्ट आला का?” या एका प्रश्नाने वेळेवर योग्य उपचार होऊन एखाद्याचे प्राण वाचू शकतील.